छत्रीला उंची नको, नेम हवा

अहिल्यानगर शहरातून मनमाडकडे निघालं की सीना नदी ओलांडल्यावर नागापूर लागतं आणि पुढे औद्योगिक वसाहत सुरू होते. कारखान्यांच्या आधारानं वाढलेल्या अशा कुठल्याही वस्तीवर नजर टाका. जिन्याची टोपी, पाण्याची टाकी, पत्र्यावर उभा केलेला लोखंडी पाइप, जिथे म्हणून उंचवटा असेल तिथे टीव्हीची छत्री चढवलेली दिसते. एवढ्या वर का, या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: उंचावर सिग्नल चांगला येतो. एके काळी ते अगदी बरोबर होतं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकानं ते पुणे परिसरात पोचवलं. त्या लहरी जमिनीलगत येत. वाटेत डोंगर आला, इमारत आली, पृथ्वीचा बाक आला की त्या अडत. म्हणून ज्याचा अँटेना उंच त्याचं चित्र स्वच्छ, हा अनुभव एका पिढीच्या अंगवळणी पडला. पुढे अँटेना गेला, छत्री आली, पण उंचीची समजूत मागे राहिली. या लेखाचं म्हणणं असं की घरावरच्या छत्रीच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या शिळ्या समजुतीत आहे, आणि तिच्यासोबत आलेल्या दुसऱ्या एका समजुतीत: चित्र आलं की काम झालं. छत्री खाली बसवावी, तिचा नेम अचूक धरावा, केबलमध्ये पाणी शिरू देऊ नये आणि तिचं धातूचं अंग घराच्या अर्थिंगशी जोडावं. या चार गोष्टी झाल्या तर जोडणी बरोबर झाली. चित्र दिसणं हा त्यांचा परिणाम आहे, पुरावा नाही.

आधी भूमिती पाहू, कारण उंचीचा भ्रम तिथेच फिटतो. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर 35,786 किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी वेग जुळवून असतात. म्हणून ते आपल्याला आकाशात एका जागी स्थिर भासतात. एवढ्या अंतरापुढे दहा फुटांच्या पाइपाला काहीच अर्थ उरत नाही. नागापूर साधारण 19.1 अंश उत्तर अक्षांशावर आणि 74.7 अंश पूर्व रेखांशावर आहे. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेच्या वाहिन्या ज्यावरून येतात तो जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. इथून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे 134 अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय येते आणि क्षितिजापासूनची उंची 59 अंश. टाटा प्ले जिथल्या उपग्रहांवरून येतं त्या 83 अंश पूर्वेच्या जागेसाठी, जिथे जून 2022 मध्ये सोडलेला जीसॅट-24 आहे, दिशा 156 अंश आणि उंची सुमारे 66 अंश. म्हणजे दोन्ही वेळा छत्री बऱ्यापैकी डोक्यावर पाहत असते. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. 59 अंशांवर पाहणाऱ्या छत्रीसमोर तिच्याहून दहा फूट उंच भिंत असली, तरी ती सहा फुटांपलीकडे असेल तर अडथळा होत नाही. पंचवीस फूट वर गेलेला कडुनिंब पंधरा फुटांपलीकडे असला की पुरे; फक्त तो दर वर्षी वाढतो हे ध्यानात ठेवावं. तेव्हा पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर, गॅलरीच्या कठड्याबाहेर, अंगणाच्या कोपऱ्यात, हात पोचेल अशा जागी छत्री उत्तम चालते. फक्त उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या खोल्यांना गच्ची गाठावी लागते. तिथेही तिची जागा गच्चीच्या जमिनीवर, कठड्याच्या आत आहे. टाकीच्या माथ्यावर नाही.

उंचीनं फायदा होत नाही एवढ्यावर हे थांबत नाही. उंचीनं तोटा होतो. पहिला तोटा वाऱ्याचा. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांसाठी सेकंदाला 39 मीटर हा मूळ वेग धरतं. त्या वेगाला साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर साधारण तीस किलो वजनाइतका रेटा येतो. छत्री भिंतीपासून फूटभर पुढे आलेल्या ब्रॅकेटवर असेल तर फास्टनर तो सहन करतात. तीच छत्री पाच फुटी पाइपाच्या टोकाला असेल तर बुडाशी पडणारा ताण पाचपट होतो. पाइप मोडला नाही तरी किंचित वाकतो, आणि छत्रीला तेवढं पुरतं. दुसरा तोटा तारांचा. कमी दाबाच्या उघड्या तारा घराच्या माथ्यापासून किमान अडीच मीटर वर आणि बाजूला किमान 1.2 मीटर दूर असाव्यात असा नियम आहे. दाट वस्तीत मजले चढत गेल्यावर हे अंतर उरतंच असं नाही. तिथे लोखंडी पाइप उभा करणाऱ्याचा हात तारेपासून किती दूर आहे, याचा विचार काम सुरू करण्यापूर्वी व्हायला हवा. तिसरा तोटा आकाशातल्या विजेचा. त्याकडे पुढे येतो.

आता नेमाकडे. बारा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटर असते. साठ सेंटिमीटरची छत्री अशा लहरी आकाशातल्या जेमतेम तीन अंशांच्या पट्ट्यातून गोळा करते. मध्यापासून दीड अंश ढळली की निम्मी ताकद गेली. एक अंश म्हणजे किती, हे हातानं मोजता येतं: छत्रीची कडा मध्याच्या मानानं पाच मिलिमीटर पुढे किंवा मागे. शेवटचा नट जोरात आवळताना एवढी हालचाल सहज होते. आणि इथेच चित्र आपल्याला फसवतं. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत. दोष स्वतःहून दिसायचा. डिजिटल सिग्नलचं तसं नाही. एका मर्यादेपर्यंत सेट-टॉप बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो आणि चित्र लख्ख दिसतं. ती मर्यादा ओलांडली की चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो. मधली पायरी नसल्यासारखीच असते. निम्मी ताकद गमावलेली छत्री आणि नेमकी लागलेली छत्री, दोन्ही निरभ्र दुपारी सारखंच चित्र देतात. फरक पावसात कळतो. ताशी वीस मिलिमीटर वेगानं पाऊस पडत असेल तर या लहरी दर किलोमीटरला पाऊण ते एक डेसिबल क्षीण होतात. तिरकस वाटेत पाच किलोमीटर पाऊस लागला तर चार डेसिबल गेले. ज्या छत्रीनं दीड अंशाच्या चुकीत आधीच तीन डेसिबल, म्हणजे निम्मी ताकद, घालवले, तिच्याकडे हे सोसायला शिल्लक राहत नाही. नेमकी लागलेली छत्री तग धरते. ताशी पन्नास मिलिमीटरचा वळीव कोसळला तर क्षीणता किलोमीटरला अडीच डेसिबलच्या घरात जाते आणि चांगल्यातली चांगली छत्रीही काही मिनिटं हात टेकते, हे मान्य करायला हवं. पण नगरसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात रिमझिम थोडी आणि सरी जोरकस असतात. म्हणून हाताशी असलेली राखीव ताकद इथे जास्त मोलाची. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं, तेव्हा मात्र छत्रीला हात लावू नये. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. तो सरकला की चित्र परत येतं.

नेमाचं महत्त्व पटायला नगरच्या शेजारचाच जुन्नर तालुका पुरेसा आहे. तिथे आर्वीला 1971 मध्ये सुरू झालेल्या विक्रम भू-केंद्राची 29.7 मीटर व्यासाची छत्री परदेशी संदेशवहनासाठी उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली, आणि जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 45 मीटर व्यासाच्या तीस छत्र्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. खोडदच्या छत्र्या तारेच्या जाळीच्या आहेत, कारण त्या पकडतात त्या लहरी वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या. जाळीची भोकं त्यांना जाणवत नाहीत. घरच्या छत्रीच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या, म्हणून तिचा पत्रा अखंड आणि घोटीव लागतो. दीड-दोन मिलिमीटरचा पोचासुद्धा तिथे मोजावा लागतो. खोली बदलताना टेम्पोत पालथी टाकलेली, कड वाकलेली छत्री नव्या जागी कितीही फिरवली तरी आधीची ताकद देत नाही, त्याचं कारण हे. आकारानं लहान आहे म्हणून घरच्या छत्रीला ढिलाई चालते असं नाही. लहर आखूड असल्यानं तिची बारकाई उलट वाढते.

ही बारकाई साधायची कशी? सुरुवात खांबापासून. खांब किंवा ब्रॅकेटचा उभा दांडा ओळंब्यात हवा. ओळंबा दोन बाजूंनी धरून पाहावा, कारण दांडा कलला असेल तर छत्रीच्या मागच्या पट्टीवरचे अंश खोटे बोलतात आणि छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते. मग पट्टीवर 59 किंवा 66 अंश लावावेत. इथे अनेकांचा गोंधळ होतो: छत्रीचा चेहरा आकाशाकडे एवढा वळलेला दिसतच नाही. घरगुती छत्रीत लहरी टिपणारा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो आणि तिची नजर चेहऱ्याच्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. म्हणून 59 अंशांना चेहरा उभ्या भिंतीपासून साधारण पस्तीस अंशच मागे रेललेला दिसतो. डोळ्यावर नाही, पट्टीवर विश्वास ठेवावा. दिशेसाठी होकायंत्र पुरतं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे. पण पत्रा, लोखंडी कठडा, स्लॅबमधल्या सळ्या यांच्याजवळ सुई ढळते, मोबाइलमधलं होकायंत्रही ढळतं. दिशा चार पावलं लांब उभं राहून घ्यावी. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, ताकद आणि दर्जा. ताकदीची पट्टी चुकीच्या उपग्रहावरही चढते; पाहायची ती दर्जाची. छत्री अगदी सावकाश एका बाजूला सरकवावी, दर्जा वाढतो, शिखर गाठतो, उतरू लागतो. मग उलट न्यावी आणि दोन्ही उतारांच्या मधोमध थांबावं. हेच वर-खाली करावं. नंतर एलएनबी त्याच्या गळ्यात थोडा थोडा फिरवून पाहावा. ही पायरी घाईत सर्रास सुटते. उपग्रह आपल्या रेखांशाच्या पूर्वेला असल्यानं त्याच्या लहरींचा आडवा-उभा कल आपल्याला तिरका मिळतो आणि एलएनबी तेवढा वळवला नाही तर काही वाहिन्या येतात, काही येत नाहीत. शेवटी नट एकदम एकेक करून न आवळता आळीपाळीनं थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक वेळी दर्जाची पट्टी पाहावी. आवळल्यानंतरचा आकडा हा खरा आकडा.

नेम लागला तरी केबल चुकली तर सहा महिन्यांत सगळं वाया जातं. एलएनबी उपग्रहाच्या लहरी 950 ते 2150 मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणून केबलमधून पाठवतो, आणि त्याच केबलमधून बॉक्स त्याला 13 किंवा 18 व्होल्ट वीज देतो. व्होल्ट बदलून आडव्या-उभ्या लहरींतली निवड होते. म्हणजे ही तार सिग्नल आणि वीज दोन्ही नेते. म्हणून जोडताना बॉक्सची पिन काढलेली हवी आणि सोललेल्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. केबल आरजी-6, 75 ओहमची घ्यावी, अखंड घ्यावी. मधे पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. घट्ट पिळलेला किंवा दाबून बसवलेला एफ कनेक्टर, त्यावर रबरी टोपी किंवा जलरोधक पट्टी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ, एवढं केलं की पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं आणि भिंतीतून आत येत नाही. भोक पाडायचं तेही बाहेरच्या बाजूला उतार देऊन. कनेक्टर उघडल्यावर जाळी पांढरट पडलेली किंवा मधली तार काळवंडलेली दिसली तर ती केबल पुसून वापरू नये. तेवढा तुकडा कापावा, आणि पाणी आत उतरलं असेल तर केबल बदलावी. पावसाळ्यात बॉक्स बिघडला असं समजून जे दुरुस्तीला नेलं जातं, त्याचा उगम पुष्कळदा कनेक्टरजवळच्या या दोन इंचांत असतो.

आता अर्थिंग, ज्याची गरज सर्वांत जास्त आणि चर्चा सर्वांत कमी. सेट-टॉप बॉक्सला बहुधा दोन पिनांची तार असते. त्याच्या वीजपुरवठ्यातल्या कपॅसिटरमुळे बॉक्सच्या धातूवर आणि केबलच्या जाळीतून छत्रीवर सूक्ष्म गळती प्रवाह पोचतो. ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून छत्रीला हात लावला की चुरचुरतं ते त्यामुळे. एरवी हा प्रवाह घातक नसतो. पण बॉक्समध्ये किंवा त्याला जोडलेल्या टीव्हीत इन्सुलेशन गेलं, तर घरातला 230 व्होल्टचा दाब केबलच्या जाळीवरून थेट गच्चीवर येतो. छत्रीच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते आणि ओले कपडे घेऊन घरातलं कुणीतरी तिथे उभं असतं. कपड्यांच्या तारेतून धक्का बसून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात येतात. वीज कुठून तरी त्या तारेत आलेली असते, आणि छत्री ही त्यातली एक वाट आहे. ती बंद करणं आपल्या हातात आहे. छत्रीला कपड्यांची तार बांधू नये. केबलची जाळी घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडावी. मीटरनंतर गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रोनं स्विचगिअरचा कारखाना उभा केला. 2020 मध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. गळती आणि शॉर्टसर्किटपासून माणसाला आणि यंत्राला वाचवणाऱ्या उपकरणांचं ज्ञान या परिसराच्या हातांत आहे. ते त्याच हातांच्या घरांच्या गच्चीपर्यंत पोचायला हवं, ही मागणी अवाजवी नाही.

अर्थिंगवर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला: अर्थिंग केलं की वीज ओढली जाते. आकाशातली वीज जागा निवडते ती उंची आणि आकार पाहून. ओल्या इमारतीवरचा लोखंडी खांब जोडलेला असो वा नसो, तिच्या दृष्टीनं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो नंतर: प्रवाहाला वाट दिलेली असेल तर तो त्या वाटेनं जातो, नसेल तर बॉक्स, टीव्ही आणि भिंतीतल्या वायरिंगमधून वाट काढतो. शिवाय थेट वीज पडणं विरळच. नित्याचं नुकसान होतं ते जवळपास पडलेल्या विजेनं केबलमध्ये उठणाऱ्या दाबानं. तरीही गडगडाट सुरू होताच बॉक्सची पिन आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावीत. थेट पडलेल्या विजेपुढे घरगुती अर्थिंग हमी देऊ शकत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: इमारतीबाहेरच्या अँटेनांसाठीचं आयईसी 60728-11 हे मानक खांबाच्या अर्थिंगला किमान 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मागतं, आणि ती तार छत्रीपेक्षा महाग पडू शकते. आक्षेप खरा आहे, पण उत्तर त्याच मानकात आहे. छत्री छताच्या कडेपासून दोन मीटरहून अधिक खाली आणि इमारतीपासून दीड मीटरच्या आत असेल, तर खांबाच्या अर्थिंगची सक्ती उरत नाही. केबलच्या जाळीची चार चौरस मिलिमीटरच्या तारेनं केलेली जोडणी पुरते. नागापूरहून उपग्रह साठ अंशांवर असल्यामुळे छत्री इतकी खाली ठेवणं इथे शक्य आहे. उंचीचा मोह सोडला की अर्थिंगचा खर्च आपोआप उतरतो. तिसरा आक्षेप भाडेकरूचा: खोलीत अर्थिंगच नाही, तर जोडायचं कशाला? तेव्हा काही जण छत्रीपुरती वेगळी सळई ठोकतात. ते धोक्याचं. नगरकडचा मुरूम आणि खालचा काळा खडक उन्हाळ्यात कोरडा पडला की एकट्या सळईचा अवरोध फार वाढतो. शिवाय दोन वेगवेगळ्या जमिनी झाल्या की वीज चमकताच त्यांच्यात दाबाचा फरक उठतो आणि तो बॉक्समधूनच वाहतो. सळई ठोकलीच तर ती घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेली हवी. न्यूट्रलला जोडणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. घराला अर्थिंग नसेल तर ती छत्रीची अडचण नाही, घराची आहे, आणि ती घरमालकानं फ्रिज-गिझरसाठीही सोडवायलाच हवी.

आणखी एक आक्षेप काळाचा आहे: मोबाइल आणि ब्रॉडबँडवर सगळं पाहता येत असताना छत्रीची एवढी उठाठेव कशाला? वर्गणीच्या डीटीएचचे ग्राहक घटले आहेत हे दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या आकड्यांतच दिसतं. 2020 च्या अखेरीस ते सात कोटींच्या घरात होते. 2025 पर्यंत सहा कोटींच्या खाली आले होते. पण उरलेली संख्याही फार मोठी आहे, आणि डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेची घरं त्यात धरलेली नाहीत. महिन्याची वर्गणी परवडत नाही किंवा खोली वारंवार बदलावी लागते, अशा कामगाराच्या घरी हीच मोफत छत्री असते. तिथे बसवणाऱ्या कंपनीची जबाबदारीही नसते. बाजारातून बॉक्स आणला, डिशवाल्याला बोलावलं, चित्र आलं, संपलं. ज्याच्याकडे तक्रार करायला दार नाही त्याच्या जोडणीला उलट जास्त काटेकोरपणा हवा. आणि छत्री निकामी झाल्यावरही गच्चीवर राहिली तर तिचं लोखंड आणि तिची केबल तशीच जोडलेली राहते; सेवा बंद झाली तरी धोका बंद होत नाही. बंद छत्री उतरवणं हाही योग्य जोडणीचाच भाग.

मग हे कुणी करायचं? ट्रायनं 2017 च्या नियमांत जोडणीसाठी जास्तीत जास्त 350 रुपये आणि सेवा सुरू करण्यासाठी 100 रुपये ही कमाल मर्यादा घातली होती. जुलै 2024 मध्ये ती मर्यादा काढून दर सेवादात्यांवर सोपवला आणि तो जाहीर करण्याची अट ठेवली. दर वाढवण्याची मुभा मिळाली असेल तर त्या दरात काय मिळणार, हे विचारण्याचा हक्कही ग्राहकाला मिळायला हवा. डीटीएच बॉक्स बसवणारा तंत्रज्ञ हा इलेक्ट्रॉनिक्स कौशल्य परिषदेच्या यादीत मान्य व्यवसाय आहे. म्हणजे हे काम कौशल्याचं आहे हे सरकारदरबारी कबूल झालेलं आहे. पण दिवसाला किती जोडण्या केल्या यावर पैसे मिळणाऱ्या मुलाकडून ओळंबा, उतार देऊन पाडलेलं भोक आणि आळीपाळीनं आवळलेले नट यांची अपेक्षा करायची असेल, तर त्या अर्ध्या-पाऊण तासाचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत. कंपनीनं ते द्यावेत आणि मोफत सेवेच्या घरानं डिशवाल्याला ते द्यावेत. बदल्यात जाताना त्यानं एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: कोणता उपग्रह, नट आवळल्यानंतरचा दर्जाचा आकडा, तारीख, आणि जाळी अर्थिंगला जोडली की नाही. हा कागद बॉक्सच्या खाली चिकटवून ठेवला की पुढच्या पावसाळ्यात चित्र गेल्यावर, पाऊस थांबला की तो आकडा पुन्हा पाहता येतो. आकडा तोच असेल तर दोष पावसाचा. घसरला असेल तर नेमाचा किंवा पाण्याचा. अंदाजानं छत्री फिरवणं तिथेच थांबतं. एवढ्या कागदासाठी नव्या कायद्याची गरज नाही. छत्री बसवून घेणाऱ्यानं पैसे हातावर ठेवण्यापूर्वी तो मागितला की झालं.